पुढं मामा उभाय

मागच्या श्रावणात कराडहून चिपळूणला निघालो होतो, आत्याच्या नातवाचं बारसं होतं. गाडी मी चालवत होते, शेजारी अण्णा, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि गाडीभर त्यांचाच वास. मल्हारपेठ सोडलं की नवारस्त्याच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा मिळतो, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं वडाचं झाड, आणि रात्रीचा पाऊस उघडून कोवळं ऊन पडलेलं, त्यामुळे पाय आपोआप जड होतो. काटा ८५च्या आसपास असेल. समोरून दुधाचा टेम्पो आला आणि त्याने दोनदा डिपर मारला. चकचक. मी काही विचार न करता पाय उचलला, पन्नासवर आले, आणि पुढच्या वळणाला वडाच्या सावलीत पोलिसांची ती पांढरी इंटरसेप्टर उभी, खिडकीतून वेग मोजायच्या मशीनचं तोंड बाहेर काढून. मी अगदी शहाण्यासारखी, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढून गेले. आरशात बघितलं, कोणी शिट्टी मारली नाही. सुटले. आणि मग सुटलेला माणूस जे करतो तेच मी केलं, समोरून येणाऱ्यांना डिपर मारायला सुरुवात केली. एक मोटरसायकलवाला, मग एक पिकअप, आणि मग एक काळी स्कॉर्पिओ, जी त्या पिकअपला ओव्हरटेक करायच्या नादात जवळजवळ माझ्याच लेनमध्ये होती, १००च्या वर नक्की. तिलाही मारला. स्कॉर्पिओ एकदम दबली, आपल्या बाजूला गेली आणि आतल्या पोराने जाताजाता काचेतून हात वर केला, थँक्यू म्हणून. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अण्णा म्हणाले, "त्याला कशापायी सांगितलंस?"

एवढंच. रागाने नाही, नेहमीच्या आवाजात, समोर बघत. मी म्हटलं, अहो सगळेच सांगतात, त्या टेम्पोवाल्याने नाही का मला सांगितलं. त्यावर काही बोलले नाहीत. पाटण आलं, चहा झाला, कोयनेच्या कडेकडेने रस्ता वर चढायला लागला, हेळवाकच्या पुढे धुकं लागलं, आई पेंगली. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न टायरमध्ये अडकलेल्या खड्यासारखा टकटक करत राहिला.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. १९७८ला लागले, २००९ला रिटायर झाले. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली म्हणून मिळालेला बिल्ला अजून शोकेसमध्ये आहे, आईच्या स्टीलच्या डब्यांच्या शेजारी, आणि दिवाळीत डब्यांबरोबर तोही चिंच लावून घासला जातो. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर ड्युटीवर जायचे. जुन्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी ते इंजिनाचं बॉनेट असायचं, त्यावर रेक्झिनची गादी, आणि ती गादी अशी तापलेली की थंडीत स्वर्ग आणि मे महिन्यात शिक्षा. तिथे बसून समोरच्या भल्यामोठ्या काचेतून रस्ता अंगावर येताना बघायचा. डिझेल, उदबत्ती, कुणाच्या तरी पिशवीतली सुकट, सगळा एकत्र वास. त्या काचेतून मला पहिल्यांदा कळलं की रस्त्यावरची माणसं एकमेकांशी बोलत असतात. समोरून दुसरी एसटी आली की अण्णांचा उजवा हात खिडकीतून बाहेर जायचा. तळवा वरून खाली आणला की पुढे दरड किंवा झाड पडलंय. हात गोल फिरवला की रस्ता बंद, वळून जा. नुसतं एक बोट वर म्हणजे राम राम. दिवसा हात आणि रात्री डिपर. रात्रीची भाषा मात्र मला कधी पूर्ण कळली नाही, एकच दिवा, एकच चकचक, आणि अण्णांना बरोबर समजायचं की हा साइड मागतोय, हा म्हणतोय तू आधी ये, आणि हा म्हणतोय थांब, पुढे काहीतरी आहे.

यातली एक गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की आई ती सुरू झाली की उठून चहा टाकते. ऐंशीच्या दशकातला पावसाळा, कुंभार्ली घाट, रात्रीची गाडी, आत पन्नासेक पॅसेंजर. वरून एक ट्रक उतरत होता. त्याने डिपर मारला, मग सगळे दिवे बंद केले, परत लावले, परत बंद केले, असं तीनदा. अण्णांनी गाडी कडेला दाबून उभी केली. ट्रक शेजारून गेला, ड्रायव्हर काहीतरी ओरडला पण पावसात ऐकू आलं नाही. कंडक्टर आणि अण्णा बॅटरी घेऊन चालत गेले तर दोन वळणं पुढे रस्त्याची दरीकडची बाजू गेलेली, डांबराची कड हवेत लोंबत होती. "चेहरा बी दिसला न्हाई त्याचा," हे अण्णा दर वेळी म्हणतात. तो ट्रकवाला पुढे कधी भेटला नाही. भेटला असता तरी ओळखला नसता. आमच्या घरात देवाच्या फोटोंना हार घालताना अण्णा जरा वेळ जास्त उभे राहतात, मला लहानपणी वाटायचं त्या ट्रकवाल्यालाच नमस्कार करत असतील.

आता त्याच डिपरने मी स्कॉर्पिओवाल्या पोराचे दोन हजार वाचवले होते.

बरं, मी काही फार कायद्याची भक्त आहे असंही नाही. मला स्वतःला दोन वर्षांपूर्वी असाच एक चलानचा मेसेज आला होता, कुठल्या रस्त्यावरचा ते राहू द्या. दुपारी ऑफिसात डबा खाताना मोबाईल वाजला, उघडलं तर माझ्याच गाडीचा मागून काढलेला काळपट फोटो, नंबर प्लेट स्पष्ट, शेजारी वेग ७८, मर्यादा ६०, आणि खाली दोन हजार. भाजीची चवच गेली. पहिला विचार काय आला असेल, की मी जोरात चालवत होते? छे. पहिला विचार आला की तिथे बोर्ड नव्हता. मी तावातावाने नवऱ्याला फोन केला, मैत्रिणींना स्क्रीनशॉट पाठवला, रात्री जागून नियम शोधले. आणि नियम सापडला. २०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत १६७अ नावाचं एक कलम घातलंय, त्यात सरळ लिहिलंय की कॅमेऱ्याने पकडणार असाल तर त्या पट्ट्याच्या आधी ठळक दिसेल असा सूचनाफलक लावायचा, मशीनचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करायचं, आणि गुन्हा झाल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची. म्हणजे सांगून पकडा, असं कायदाच म्हणतो. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या रविवारी मुद्दाम त्या रस्त्याने गेले, फोटो काढून तक्रार करायची म्हणून. बोर्ड होता. म्हणजे होता, पण कुठल्यातरी दादासाहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागे, शुभेच्छुकांच्या पासष्ट मुंडक्यांच्या आडून 'सीसीटीव्ही'मधला एक 'सी' आणि साठचा आकडा डोकावत होता. फोटो काढला. पण तक्रार केली नाही, दंड भरून टाकला. लोकअदालतीत कमी करून मिळतो असं सगळे सांगत होते, तेवढाही दम निघाला नाही. कारण तिथे उभी असताना मला ते वळण दिसलं, डाव्या हाताला मराठी शाळा होती आणि रस्ता ओलांडायला साधा पट्टा नव्हता, आणि मी तिथून ७८ने गेले होते, बोर्ड दिसो न दिसो. शाळा तर दिसत होती ना.

तरी सांगते, त्या फ्लेक्सचा राग अजून गेलेला नाही. बोर्ड झाकला की दंड हा खिसेकापूपणा वाटायला लागतो, आणि एकदा असं वाटलं की माणूस आपल्या चुकीकडे बघतच नाही, फक्त त्या फ्लेक्सकडे बघतो. माझं तेच झालं होतं. म्हणून जागेवर बसवलेले जे कॅमेरे आहेत त्यांच्याबद्दल माझं मत पक्कं आहे, आधी सांगा, मोठ्याने सांगा, एकदा नाही दोनदा सांगा. तिथे हेतू गाडी हळू करण्याचा आहे की नाही? मग लपवायचं कशाला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं बघा. २०१६ साली त्या एका रस्त्यावर १५१ माणसं गेली. २०२४च्या जुलैमध्ये तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आणि आता नुसता त्या खांबाखालचा वेग मोजत नाहीत, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती वेळ लागला त्यावरून सरासरी काढतात. आधी काय व्हायचं, गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरची ती कॅमेऱ्यांची कमान, दिसली की करकचून ब्रेक, गॅन्ट्री गेली की परत अ‍ॅक्सिलरेटर, अख्खा रस्ता बेडकासारखा उड्या मारत चाललेला, आणि मागचा बेसावध असेल तर तुमच्या डिकीत. सरासरीचा कॅमेरा असला की सांगितल्याने कोणी सुटत नाही. उलट माहीत असेल तरच माणूस सगळा पट्टा नीट चालवेल. अर्थात आपले लोक त्यातूनही वाट काढतात, ऑफिसातला एकजण म्हणतो तो मस्त दाबून चालवतो आणि फूड मॉलला वडापाव खायला थांबतो, सरासरी आपोआप खाली येते. त्याचं वजन मात्र वर चाललंय.

पण मग 'अपघातप्रवण क्षेत्र' हा बोर्ड तर सगळीकडे आहेच की. खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर जे एस वळण आहे तिथे किती बोर्ड, किती पिवळे पट्टे, किती रिफ्लेक्टर. इतकी वर्षं येतेजाते मी तिथून, ते शब्द वाचून ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस मला आठवत नाही. तेच मोबाईलमधली गूगलबाई म्हणू दे की पुढे स्पीड कॅमेरा आहे, लगेच सगळे ब्रेक लाइट लागतात, लाल माळ. मरणाचा बोर्ड वाचून पाय हलत नाही आणि दोन हजारांचा वाचून हलतो, हे मी अण्णांना एकदा म्हटलं होतं तर म्हणाले, "मरण लांब वाटतं गं. मेसेज लगीच येतो." २०२२च्या ऑगस्टमध्ये शिवसंग्रामचे विनायक मेटे एक्सप्रेसवेवर अपघातात गेले, सप्टेंबरमध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री तसेच गेले, तेव्हा पंधरा दिवस आमच्या सोसायटीतले लोक मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट लावत होते. मग नवरात्र आलं आणि बेल्टची बकलं पुन्हा सीटच्या फटीत गेली.

माझा मावसभाऊ स्टुटगार्टला असतो. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर मी त्याला हे सगळं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, आमच्याकडे तर अजून गंमत आहे, सकाळी गाडीत रेडिओ लाव, निवेदक गाण्यांच्या मध्ये सांगतो की अमुक रस्त्यावर आज कॅमेरा लावलाय, चालतं, कायदेशीर आहे. पण तीच गोष्ट चालवताना माझ्या मोबाईलमधल्या अ‍ॅपने सांगितली आणि पोलिसाने बघितलं तर ७५ युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. वीकेंडला सीमा ओलांडून स्ट्रासबर्गला गेलो की फ्रान्सचा तिसराच कायदा. तिथे २०१२पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगायला बंदी, मग त्यांच्या यंत्रांमध्ये फक्त 'धोक्याचा पट्टा' येतो, हायवेवर चार किलोमीटरचा, गावाबाहेरच्या रस्त्यावर दोनचा. आत कुठेतरी कॅमेरा असेल किंवा नसेल, नुसतं वाईट वळणसुद्धा असेल. मला हे फार आवडलं. चार किलोमीटर माणूस साशंक मनाने चालवणार. मी म्हटलं हे आपल्याकडे आणलं पाहिजे, तर भाऊ म्हणाला, ताई, आपल्याकडे अख्खा रस्ताच धोक्याचा पट्टा आहे, यंत्र बोलायचं थांबणारच नाही.

तर जागेवरचा कॅमेरा सांगून लावा, इथपर्यंत मी आणि माझी अक्कल एकमताने येतो. गाडी अडकते ती झाडाखालच्या इंटरसेप्टरपाशी. कारण तिचा उपयोगच मुळी ती कुठे असेल ते माहीत नसण्यात आहे. आज मल्हारपेठ, उद्या उंब्रज, परवा कुठेच नाही. ती कुठेही असू शकते म्हणूनच थोडंफार सगळीकडे हळू चालवलं जातं. मी डिपर मारला की हे कुठेही जाऊन नुसतं 'इथे' उरतं, स्कॉर्पिओवाला तेवढे पाचशे मीटर सज्जन होतो आणि पुढे मोकळा. किंबहुना जास्तच मोकळा, आता पुढे कोणी नाही याची खात्रीच मी त्याला दिलेली असते. आता यावर माझा नवरा म्हणतो, झाला ना हळू, तेवढ्यापुरता का होईना, पोलिसांना तेच हवंय ना? मला पटतं. पाच मिनिटं पटतं. आणि मग तो काचेतला हात आठवतो.

इथे एक सांगायला हवं, जे अण्णांना माहीत नाही.

आमच्या रूटवरच्या रोजच्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चांगला आहे, खरंच. 'बोगद्याच्या पुढे कंटेनर आडवा झालाय, जुन्या रस्त्याने या', 'टोलला अर्धा तास', 'घाटात धुकं आहे, पार्किंग लाइट लावा', असे मेसेज. एकदा रात्री माझी गाडी बंद पडली होती तेव्हा यातल्याच दोन अनोळखी माणसांनी मेकॅनिक येईपर्यंत शेजारी गाडी लावून मला सोबत केली. याच ग्रुपवर, याच माणसांकडून, 'ढाब्याच्या पुढे डाव्या हाताला इंटरसेप्टर, झाडाखाली' हाही मेसेज येतो आणि त्यालाही तेवढेच अंगठे पडतात. दोन्ही मेसेजची भाषा एक, काळजी एक. तर एका ३१ डिसेंबरला आम्ही कोणाकडून तरी जेवून परत येत होतो, नवरा चालवत होता, पाणी आणि सोडा सोडून त्याने काही घेतलं नव्हतं, आणि पुलाखाली नाकाबंदी लागली, फुंकर मारायचं मशीन घेऊन. आम्हाला दोन मिनिटांत सोडलं. आणि मी, सवयीने, अंगठे चालले आपोआप, ग्रुपवर टाकलं, 'पुलाखाली नाकाबंदी, मशीन आहे, सर्व्हिस रोडने गेलात तर वाचाल.' रात्रीचे पावणेबारा. लगेच सात अंगठे आणि एक हात जोडलेला. मग एक मेसेज, 'ताई वाचवलंत.' त्या दोन शब्दांपाशी मी थबकले. कशापासून वाचवलं मी याला? सर्व्हिस रोडला तर दोन्ही बाजूंनी वस्ती आहे, आणि त्या रात्री पोरं केक घेऊन रस्त्यावरच असतात. मी मेसेज डिलीट केला, सगळ्यांसाठी. पण शंभरएक जणांनी वाचून झाला होता. सकाळी उठल्याउठल्या पेपर उघडला, आतलं पान आधी. काही नव्हतं. दोन दिवस बघत होते. काही नव्हतं, पण म्हणून काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला जाऊ दे आता. मी ग्रुप सोडला नाही. पहाटेच्या धुक्यात निघायचं असलं की आधी तोच ग्रुप उघडते.

बारसं झालं. कुंची घालून पाळण्यात ठेवलं, बायकांनी गोविंद घ्या गोपाळ घ्या केलं, बाळाच्या कानात कुर्र झालं, पाठीत धपाटे बसले, मोदक हाणले. जेवणानंतर पडवीत सगळे लवंडले होते, बाहेर पाऊस, चिपळूणचा तो भिंतींमधून येणारा ओलसर वास, आणि अण्णा पान लावत बसले होते. मी विषय काढलाच. म्हटलं, अण्णा, सकाळी मला बोललात, पण तुम्ही नाही का सांगायचात? लाईन चेकिंगचं? आणि मी हात बाहेर काढल्यासारखा करून बोटांचा चिमटा दोनदा केला, तिकिटाला पंच मारल्यासारखा. ही त्यांचीच खूण. पुढे कुठे चेकर उभे असले, कंडक्टरचा हिशोब आणि पॅसेंजरांची तिकिटं तपासायला, की समोरून येणारा ड्रायव्हर हा चिमटा करायचा, मग अण्णा मागे न बघता नुसतं बॉनेटवर थाप मारायचे, कंडक्टर लगबगीने पेटी उघडून राहिलेली तिकिटं फाडायला लागायचा, आणि अण्णा पुढच्या दहा एसटींना चिमटा दाखवत जायचे. मी हे सगळं बॉनेटवर बसून बघितलेलं होतं. मला वाटलं आता पकडलं.

अण्णा आधी चपापले, मग इतके हसले की पान बाहेर यायची वेळ आली. "तुझ्या ध्यानात हाय व्हय ते!" आत्याला हाक मारून सांगितलं, बघ ही पोरगी काय काढून बसलीय. मग जरा वेळाने, चुना बोटाला पुसत, म्हणाले, "त्यात कोण मरत नव्हतं. लई तर कंडक्टरची बदली." थोडं थांबून म्हणाले, "एक होता. पैसं खायचा. पॅसेंजरकडनं घ्यायचा अन् तिकीट द्यायचा न्हाई. म्या धा वर्सं थापा मारून वाचवला त्याला." पुढे मला वाटलं काहीतरी म्हणतील, की चुकलं माझं, किंवा दोस्त होता तो. काहीच म्हणाले नाहीत, पानाच्या शिरा काढत बसले. आत्या आतून ओरडली की चहा घेताय ना.

मला तेव्हा त्या ३१ डिसेंबरचं सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण चहा आला.

परत निघायला सात वाजले. पोफळीपासून चढ लागला तोच धुक्यात, समोरचं काही दिसेना, पांढऱ्या पट्टीला धरून वीसच्या वेगाने वर आलो, आई मागे रामरक्षा पुटपुटत होती. एका वळणावर पाण्याबरोबर आलेले दगड रस्त्यावर पसरलेले, मी कडेने काढली आणि पुढे समोरून येणाऱ्या दोन गाड्यांना डिपर मारला, या वेळी अण्णांकडे तिरकं बघत. त्यांनी मान हलवली. किंवा गाडीच्या हिसक्याने हलली असेल. घाटमाथा ओलांडला, खाली उतरलो तसं धुकं मागे राहिलं, रस्ता ओला आणि रिकामा, कोयनानगरचे दिवे दिसायला लागले. अंधार मात्र इतका मिट्ट की मी लाइट पूर्ण सोडले आणि जरा दाबली.

पाटणच्या अलीकडे समोरून ट्रक आला आणि त्याने डिपर मारला. दोनदा. मी लगेच पाय उचलला. काय असेल? मामा? रात्री साडेनऊला, पावसात? मग दरड असेल, पण इथे डोंगर नाही लगत. म्हैस बसली असेल. मी पन्नास, चाळीस, तीस करत पार वीसवर आले, काच खाली घेतली, डोकं बाहेर काढून बघतेय, बेडकांचा आवाज आणि ओल्या उसाचा वास, बाकी काही नाही. मागून एक पिकअप आला आणि हॉर्न मारत पुढे गेला. तेवढ्यात समोरून दुसरा ट्रक, आणि त्यानेही चकचक, चकचक, या वेळी जरा चिडल्यासारखा. मी गाडी जवळजवळ उभीच केली. आई म्हणाली काय गं, काय झालं. मी म्हटलं, पुढे काहीतरी आहे, सगळे सांगतायत.

अण्णांना डुलकी लागली होती. एक डोळा उघडून त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग डॅशबोर्डवरच्या त्या निळ्या दिव्याकडे.

"पुढं काय न्हाई," म्हणाले. "तुझा अप्पर चालूय. लाइट खाली घे की, डोळ्यावर येतंय त्यांच्या."